सासूबाई रात्रभर जागतात, नोकरी सोडू का? डिमेन्शिया सांभाळणाऱ्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सवड काढून नीट लिहितेय. जरा लांबेल, एका दमात वाचायची गरज नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात परत सांगते. सासूबाई ७६ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालंय. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी, मुलगा दहावीत. गेल्या तीन आठवड्यांत सगळं बिघडलंय. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होतं, रात्री दोनला उठून दार वाजवतात, पाटल्या आधी कामवाल्या मावशींनी चोरल्या म्हणत होत्या आणि आता तुम्ही चोरल्या म्हणतात, आंघोळीला अंगाला हात लावू देत नाहीत. नणंद पुण्याहून फोनवर म्हणते "आई आमच्याशी तर छान बोलते". तुम्ही विचारलंय, त्यांना समजावायचं कसं, आणि नोकरी सोडू का. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीय की परवा रात्री त्यांच्यावर हात उगारला जाईल की काय अशी भीती वाटली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असलेल्या लोकांच्या घरी जाऊन काम करते, बरीच वर्षं झाली. ती शेवटची ओळ मी खूप घरांत ऐकलीय, आणि ती बोलणाऱ्या बहुतेक बायका अतिशय प्रेमानं करणाऱ्या होत्या, फक्त कित्येक रात्री झोपलेल्या नव्हत्या. तेव्हा आधी हे, की परत तसं वाटलं तर गॅस बंद आहे आणि दाराला कुलूप आहे एवढं बघायचं आणि सरळ दुसऱ्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसायचं. त्या ओरडत असल्या तरी. पाच मिनिटांनी त्यांचंही बरंचसं निवळलेलं असतं. आणि मिस्टरांना ती हात उगारला जाण्याची भीती जशीच्या तशी सांगा, "दमलेय" असं मोघम सांगू नका, दमलेय सगळेच म्हणतात.

आता "समजावायचं कसं" याबद्दल. समजावण्यासाठी समोरच्यानं आपलं बोलणं मिनिटभर तरी मनात धरून ठेवावं लागतं आणि आधीच्या गोष्टीशी जोडून बघावं लागतं, आणि या आजारात मेंदूचा नेमका तोच भाग आधी जातो. भावना मात्र शिल्लक राहते. म्हणजे तुम्ही दहा वेळा पटवून दिलंत की हेच तुमचं घर आहे, तर ते वाक्य त्यांच्याकडे राहणार नाही पण ही बाई माझ्यावर चिडलीय एवढं राहणार, आणि पुढचा तासभर त्या त्या धास्तीत काढणार. म्हणून समजावणं हा मार्गच सोडून द्या. त्या बदलणार नाहीत, पण त्यांच्या भोवतीचं बरंच बदलता येतं: दिवे, वेळा, दाराची कडी, कोण कधी जागं राहणार, डॉक्टरांना काय विचारायचं. आणि सगळ्यात आधी तुमची झोप. माझ्या हिशोबात तुमची झोप ही त्यांच्या उपचारातली पहिली गोष्ट आहे, गोळ्यांच्याही आधी, कारण तुम्ही झोपलेल्या असाल तरच बाकीचं काहीही जमणार आहे.

इथे बसून मला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत हे पण सांगते. कुठली औषधं चालू आहेत, बीपी-शुगर आहे का, ऐकू कितपत येतं, मोतीबिंदू आहे का, पाय दुखतात का, यावर खूप अवलंबून आहे. त्यामुळे खालचं सगळं तुमच्या घराला लागू होईलच असं नाही, जे बसेल ते घ्या.

पण एक गोष्ट मात्र या आठवड्यात कराच. तुम्ही म्हणता तीन आठवड्यांत हे वाढलं. अल्झायमर असा तीन आठवड्यांत उडी मारत नाही, तो महिन्यामहिन्यानं उतरत जातो. अचानक बिघडलं, रात्रीचा दिवस झाला, भलताच संशय वाढला की आधी शरीरात काहीतरी दुखतंय-खुपतंय का हे शोधायचं. लघवीचं इन्फेक्शन, कित्येक दिवसांचं बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम कमी होणं (बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल तर विशेषतः), शुगर खाली जाणं, दाढ किंवा गुडघा दुखणं, मध्यंतरी कधीतरी पडून डोक्याला लागलेलं असणं. या वयात इन्फेक्शन असलं तरी ताप किंवा जळजळ असेलच असं नाही, फक्त वागणं बदलतं. आणि त्यांना "दुखतंय" हे सांगता येत नाही, ते चिडण्यातून बाहेर येतं. उलटं पण लक्षात ठेवा, म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत जंतू नुसते सापडणं हे कॉमन आहे, त्यामुळे रिपोर्ट बघून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं नाही, डॉक्टरांना ठरवू द्या.

नवीन औषध काही सुरू झालंय का तेही आठवून बघा. सर्दी-खोकल्याची झोप आणणारी साधी गोळी, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधं, जुन्या प्रकारची डिप्रेशनची किंवा झोपेची गोळी, यातली बरीच औषधं डिमेन्शियात गोंधळ वाढवतात. आणि डोनेपेझिल (अल्झायमरमध्ये स्मरणशक्तीसाठी देतात ती गोळी) रात्री चालू असेल तर काही जणांना त्यानं विचित्र स्वप्नं पडतात, झोप मोडते, तेव्हा ती सकाळी दिली तर चालेल का हे न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा, मनानं मात्र वेळ बदलू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या सुद्धा, एका पिशवीत भरून न्या. तोंडी यादीत हमखास दोन-तीन राहतात. बी-१२ आणि थायरॉइड निदानाच्या वेळी केलं असेलच, नसेल तर आत्ता करून घ्या, आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार दिसतं.

आता रात्र. रात्रीचं काम सकाळीच सुरू होतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी उन्हात, गॅलरीत खुर्ची टाकून बसवलंत तरी चालेल, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ द्यायची नाही आणि तीनच्या नंतर नाही, चहा चारच्या पुढे नको, मागितलाच तर अर्धा कप दूध-जास्त-पावडर-कमी. बीपीची लघवीवाली गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का विचारा. रात्रीचं जेवण साडेसात-आठला, झोपायच्या आधी बाथरूमला नेऊन आणायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा, आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका, आजच, कारण आतून कडी लावून बसलेली आजी बाहेर काढायला सुतार बोलवावा लागतो आणि तोपर्यंत ती बिचारी आत थरथरत असते.

मुख्य दाराला नेहमीच्या जागेऐवजी अगदी वर किंवा अगदी खाली एक कडी लावा. बहुतेकांचा हात जुन्या जागीच जातो. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला तर दार "दिसत"च नाही, बऱ्याच घरी याचा चांगला उपयोग झालाय. दाराला एक घुंगराची माळ किंवा सेन्सरवाली बेल लावली की तुम्हाला सारखं एका कानानं झोपावं लागत नाही. पण त्यांना एकटं आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कधीही जायचं नाही, आग लागली तर विचार करा. वॉचमन, समोरचे शेजारी, खालचा किराणावाला आणि रिक्षा स्टँड या चौघांना आजार सांगून तुमचा नंबर द्या. खूप घरं हे लपवतात, लोक काय म्हणतील म्हणून. पण आजी हरवली की पहिल्या अर्ध्या तासात तीच माणसं कामाला येतात. गळ्यात किंवा हातात नंबर कोरलेलं पदक असू द्या आणि फोनमध्ये या महिन्यातला एक स्पष्ट फोटो असू द्या.

तरीही दोनला उठल्या तर? दिवा लावायचा, आवाज खाली, "काय झालं? चला बाथरूमला जाऊन येऊ", मग थोडं कोमट दूध किंवा पाणी, मग परत पलंग. घड्याळ दाखवून "दोन वाजलेत, झोपा आता" म्हणण्यात काही हशील नाही. आणि हे करायला प्रत्येक रात्री तुम्हीच उठायचं नाही, त्यावर खाली येतेच.

"घरी जायचंय" हे संध्याकाळी का वाढतं याची कारणं साधीच आहेत. दिवसभराचा थकवा, मावळता प्रकाश, खोलीत लांबलेल्या सावल्या, मुलगा क्लासहून, मिस्टर ड्यूटीवर अशी ये-जा, कुकरच्या शिट्ट्या आणि त्यात टीव्हीवर भांडणाऱ्या सिरीयल. त्यांना सिरीयलमधली माणसं घरातच भांडतायत असं वाटू शकतं. तेव्हा अंधार पडायच्या आधीच, साडेपाचलाच, घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा, टीव्ही बंद. आणि हाताला काम द्या. लसूण सोलणं, शेंगा सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, नॅपकिनच्या घड्या घालणं. आयुष्यभर हातानं केलेली कामं स्मरणशक्ती गेल्यावर सुद्धा बरीच वर्षं हातात राहतात. एका आजींना सुनेचं नाव सांगता यायचं नाही पण वाती इतक्या एकसारख्या वळायच्या की बघत राहावं. मेथी नीट निवडली नाही तर न निवडू दे, त्यांच्यासमोर परत निवडायची नाही एवढंच.

आणि त्या क्षणी बोलायचं काय? "हेच तुमचं घर" नाही. "कुठे आहे घर? कोण कोण असतं तिथे?" असं विचारा आणि ऐका. बहुतेक वेळा माहेरचं अंगण, आई, धाकटी भावंडं असं काहीतरी येतं. पाच-दहा मिनिटं त्या बोलल्या की मग "चला, जरा खाली चक्कर मारून येऊ", चप्पल घालायची, सोसायटीत एक फेरी, परत येऊन दूध-बिस्किट. काही दिवस हे चालेल, काही दिवस नाही चालणार, आणि ज्या दिवशी नाही चालणार त्या दिवशी तुमचं काही चुकलं असं समजायचं नाही.

लोक मला विचारतात की म्हणजे खोटं बोलायचं का. माझं मत असं आहे की मी स्वतःहून गोष्ट रचत नाही आणि दुरुस्तीही करत नाही. त्यांनी "माझी आई कुठेय?" विचारलं तर आई जाऊन चाळीस वर्षं झाली हे सांगायचं नाही, कारण त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीन असते, दर वेळी त्या पहिल्यांदाच रडतात. "आईची आठवण येतेय ना, काय करून घालायच्या त्या तुम्हाला?" हे खरंही आहे आणि त्यांना हवं तेही यात मिळतं.

पाटल्यांचं. हा आरोप सगळ्यात जास्त लागतो मनाला, आणि नेमका जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावर येतो, कारण दिवसभर आसपास तोच दिसतो. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, पण वस्तू जागेवर नाही हे दिसतं, मग मेंदू मधली जागा भरून काढतो: कुणीतरी घेतली. यात तुमच्याबद्दलचं मत अजिबात नसतं. "मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या" असं म्हटलंत की भांडण उभं राहतं. "अरेच्चा, पाटल्या नाहीत का, थांबा आपण दोघी मिळून शोधू" असं म्हणून खरंच शोधायला लागा. त्यांच्या ठेवायच्या जागा लवकरच कळतील तुम्हाला, उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात, ब्लाउजच्या घड्यांत, देव्हाऱ्याच्या मागे. खरं सोनं फोटो काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, हातात बेन्टेक्सच्या पाटल्या घाला, आणि एका छोट्या पर्समध्ये दहा-वीसच्या नोटा ठेवून ती त्यांच्याजवळच राहू द्या. पैसे जवळ नाहीत ही भीती फार मोठी असते, ज्या बाईनं आयुष्यभर घर चालवलं तिला तर जास्तच.

आणि कामवाल्या मावशींना बाजूला घेऊन आजार समजावून सांगा, माफी मागा, आणि दुसऱ्या कुणासमोर त्यांच्यावर आरोप झाला तर तिथल्या तिथे तुम्ही त्यांची बाजू घ्या. त्यांच्यासाठी चोरीचा आळ म्हणजे पोटावर पाय असतो, बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की चार कामं जातात. हे कुणी लक्षात घेत नाही.

आंघोळीचं थोडक्यात. रोज पूर्ण आंघोळ हा हट्ट सोडा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बाकी दिवशी कोमट पाण्यानं पुसून काढायचं. "आंघोळ करायची का?" असं विचारलं की उत्तर नाहीच येणार, त्यापेक्षा "पाणी गरम काढलंय, चला". बाथरूम आधी गरम, बसायला स्टूल, पाणी डोक्यावरून नाही तर आधी पायांवर, अंगावर परकर किंवा मोठा टॉवेल राहू द्या, पाण्यात भिजला तर भिजला. सुनेसमोर उघडं व्हायची लाज अजून जिवंत आहे त्यांची, ती जपली की अर्धा विरोध कमी होतो. तांब्या त्यांच्याच हातात देऊन त्यांच्या हाताखाली आपला हात ठेवायचा, म्हणजे ओतणाऱ्या त्याच असतात.

झोपेची किंवा "शांत करायची" गोळी मागावीशी वाटेल, आणि कधीकधी ती लागतेही, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याइतकं झालं तर. पण अँटिसायकोटिक प्रकारच्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये स्ट्रोकचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ पासून त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. तेव्हा दिली तर कमीत कमी डोस आणि "कधी बंद करायची" ही तारीख त्याच दिवशी विचारून या. आणि सासूबाईंना नसलेली माणसं-प्राणी दिसत असतील, चालणं आखडलं असेल, हात थरथरत असतील तर ते डॉक्टरांना गोळी लिहायच्या आधी सांगा, एका प्रकारच्या डिमेन्शियात या गोळ्या फारच घातक ठरतात.

आता नणंदेचं आणि मिस्टरांचं, कारण माझ्या मते गाडी इथेच अडकलीय. नणंद खोटं बोलत नाहीयेत. पाहुण्याशी किंवा फोनवर दहा-पंधरा मिनिटं छान बोलायची ताकद या आजारात बराच काळ टिकते, "काय गं कशी आहेस, जेवलीस का, मुलं काय म्हणतात" ही वाक्यं इतकी सवयीची असतात की ती आपोआप येतात. त्यानंतर तो ताण उतरतो तो तुमच्यावर. हे फोनवर पटवून द्यायच्या फंदात पडू नका. नणंदेला तुमच्या घरी चार दिवस बोलवा, चार रात्रींसकट, आणि तुम्ही त्या चार दिवसांत माहेरी किंवा मैत्रिणीकडे जा. आल्यावर टोमणा मारायचा नाही. बहुतेक घरांत यानंतर सूर बदलतो, आणि नाही बदलला तरी तुमच्या चार रात्री झोपेच्या झाल्या.

मात्र "महिनाभर तुमच्याकडे, महिनाभर आमच्याकडे" हा आपल्याकडचा आवडता तोडगा इथे शक्यतो टाळा. दर महिन्याला नवा पलंग, नवी बाथरूमची दिशा, नवी माणसं, म्हणजे दर महिन्याला त्या पहिल्यापासून हरवतात. आईला हलवण्यापेक्षा माणसांनी आईकडे यायचं. येणं शक्य नसेल तर पैसे द्यायचे, रात्रीच्या अटेंडंटचा खर्च नणंदेनं उचलणं ही पण सेवाच आहे आणि तसं स्पष्ट बोलायला लाजू नका.

मिस्टरांसाठी "मदत" हा विषयच नको, त्यांची आई आहे. कामं नावानिशी वाटून घ्या. ज्या रात्री त्यांची दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्या रात्री ते आईच्या खोलीत झोपणार आणि तुम्ही दार लावून दुसऱ्या खोलीत. डॉक्टर, औषधं आणणं, बँक, पेन्शनचा दाखला त्यांच्याकडे. त्यांची शिफ्ट मला माहीत नाही त्यामुळे किती रात्री जमतील ते तुम्हीच बघा, पण आठवड्यात किमान दोन सलग रात्री तुमच्या अखंड झोपेच्या असल्या पाहिजेत, याच्या खाली तडजोड नको. मुलाला आजार नीट सांगा, दहावी आहे म्हणून लपवून उपयोग नाही, त्याला रात्री दोनचा आवाज ऐकू येतोच. त्याच्यावर जबाबदारी टाकू नका, पण आजीबरोबर वीस मिनिटं जुने फोटो बघणं त्यालाही बरं वाटेल.

तुम्हाला वाटत असेल की एवढ्यानं काय होणार, खरं औषध तर दुसरंच लागेल. म्हणून एक सांगते. गोव्यात डॉ. अमित डायस आणि संगाथ संस्थेच्या लोकांनी ८१ कुटुंबांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांत सहा महिने, पंधरा दिवसांतून निदान एकदा, स्थानिक भाषा बोलणारे साधे प्रशिक्षित कार्यकर्ते जायचे, मोठे डॉक्टर नाहीत. आजाराची माहिती द्यायची, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, त्रासदायक वागण्याला कसं तोंड द्यायचं ते शिकवायचं, नातेवाइकांना कामात ओढायचं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्यायची. सहा महिन्यांनी आजारी माणसांच्या वागण्यात काही ठळक फरक नव्हता, पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं होतं आणि त्याच वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. मी स्वतःच्या कामात रोज हेच बघते. आजी त्याच असतात, प्रश्न तेच विचारतात, पण घर मोडत नाही.

रात्रीची बाई ठेवायची असेल तर ब्युरोकडून घ्या किंवा ओळखीनं, पण पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या आणि पहिले काही दिवस तुम्ही घरात असताना तिला रुळू द्या. एक कागद लिहून भिंतीवर लावा: हाक काय मारायची (काहींना "आजी" आवडत नाही, "काकू" आवडतं), चहात साखर किती, कशानं चिडतात, कशानं शांत होतात, कुठला विषय काढला की खुलतात. ओढणीनं किंवा चादरीनं पलंगाला बांधणं चालणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, हे होतं, म्हणून सांगतेय. आणि त्या बाईला नीट जेवण, दिवसा झोप आणि आठवड्याची सुट्टी द्या. ती पण केअरगिव्हरच आहे, ती टिकली तर तुम्ही टिकाल.

संस्थांमध्ये एआरडीएसआय ही अल्झायमरसाठीची देशपातळीवरची संस्था १९९२ पासून आहे, तिच्या मुंबई-पुण्याकडच्या लोकांशी संपर्क करून सपोर्ट ग्रुप कधी भरतो ते विचारा. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनची डिमेन्शियासाठी डे केअर चालतात, तुम्हाला जवळ पडेल का ते बघा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि तुमच्या स्वतःच्या मनासाठी टेली-मानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. परवासारखी रात्र परत आली तर तेव्हाच लावा फोन.

कागदपत्रांचं इथे फार खोलात जात नाही, पण एक गैरसमज सगळीकडे दिसतो तेवढा सांगते. आईची पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवलीय म्हणजे झालं असं लोक धरून चालतात, पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ती पॉवर संपते, मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. त्यामुळे त्यांना अजून समजून सही करता येत असेल, चांगल्या सकाळी येत असेलच, तर खातं जॉइंट करणं, नॉमिनेशन, मृत्युपत्र असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह नोंदवणं, हे वकिलांशी बोलून आत्ताच उरका. नणंदेला बरोबर घेऊनच, नाहीतर पुढे पाटल्यांपेक्षा मोठे आरोप होतात.

वृद्धाश्रमाबद्दल तुमच्या प्रश्नाखालच्या कमेंटमध्ये कुणीतरी तुम्हाला कडक शब्दांत सुनावलंय, ते मनावर घेऊ नका. घरी ठेवणं चांगलं, पण कुठल्याही किमतीवर नाही. त्या स्वतःला इजा करतायत, तुमची तब्येत ढासळलीय, रात्री कुणीच मिळत नाही अशी वेळ आली तर डिमेन्शियासाठी खास असलेलं केंद्र शोधणं हा प्रेमाचाच निर्णय आहे. साधे वृद्धाश्रम बहुतेक वेळा असे पेशंट घेत नाहीत, किंवा घेतले तरी त्यांना जमत नाही. आधी दोन-तीन ठिकाणी दुपारी न सांगता जाऊन बघा, रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी कर्मचारी कसे बोलतात ते ऐका. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ती वेळ अजून आलीय असं मला वाटत नाही.

आणि नोकरी. माझं उत्तर, आत्ता सोडू नका. तीन आठवड्यांच्या जागरणात घेतलेला निर्णय नीट नसतो, आणि ही तीन आठवड्यांची भर उतरण्यासारखी असू शकते. निदानानंतर लोक साधारण चार ते आठ वर्षं जगतात, काही त्याहून बरीच जास्त, म्हणजे हा लांबचा पल्ला आहे, पुढे अटेंडंटचा खर्च वाढत जाणार आणि तेव्हा तुमचा पगार लागेल. पैशापलीकडचं म्हणजे ऑफिसात तुम्ही आठ तास वेगळ्या असता, कुणीतरी तुम्हाला नावानं हाक मारतं, जेवणाच्या सुट्टीत चार गप्पा होतात. नोकरी सोडून पूर्णवेळ सांभाळायला लागलेल्या सुना मी पाहिल्यात, काही महिन्यांत बाकीचे सगळे निवांत होतात, "ती आहे ना घरी" म्हणून, आणि मग नणंदही येत नाही आणि नवराही रात्री उठत नाही. शक्य असेल तर महिनाभराची रजा घ्या, बिनपगारी असली तरी, आणि त्या महिन्यात डॉक्टर, दाराची कडी, रात्रीची वाटणी, बाई शोधणं एवढंच करा. महिन्यानंतर दोन सलग रात्री झोपून मग परत विचार करा. त्यानंतरही सोडावीशी वाटली तर तो निर्णय तुमचा, पूर्ण विचारानं घेतलेला असेल, आणि तेव्हा मिस्टर आणि नणंदेबरोबर बसून तुमच्या बुडालेल्या पगाराची भरपाई घरातून कशी करायची तेही ठरवून घ्या.

उद्या-परवा डॉक्टरांकडे जाऊन आलात की लघवीच्या आणि सोडियमच्या रिपोर्टचं काय झालं ते इथेच लिहा, आणि औषधांची नावं व वेळा पण टाका, मिस्टरांच्या शिफ्टसकट. त्यावरून रात्रीचं वेळापत्रक कसं बसवायचं ते मी सांगते.